अंगठा दिला तर खूण लागेल का?

आधारच्या यंत्रावर अंगठा ठेवला, तर प्रकटीकरणातल्या श्वापदाची खूण घेतल्यासारखं होतं का? मी समुपदेशक आहे, आणि आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. कधी आधारच्या जागी लस असते, कधी क्यूआर कोड, आणि अलीकडे एआय. विचारणारं माणूस बहुधा दबक्या आवाजात विचारतं, कारण घरात त्यावर आधीच कुणीतरी हसलेलं असतं.

ज्यांना हा प्रश्न कधी पडलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात, एक श्वापद समुद्रातून वर येतं आणि दुसरं भूमीतून. हे दुसरं श्वापद लहानथोर, श्रीमंत-गरीब सगळ्यांना उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण घ्यायला लावतं. ज्याच्याजवळ ती खूण नाही त्याला काही विकत घेता येत नाही आणि विकताही येत नाही. श्वापदाची संख्या ६६६. हात, आकडा आणि खरेदी-विक्री ही तिन्ही एका जागी आली, की रेशन दुकानातलं यंत्र डोळ्यांपुढे येणारच. ज्या बाईला ते दिसतं ती अडाणी असते असं समजू नका. तिने बायबल वाचलेलं असतं म्हणून तिला ते दिसतं.

पुढची हकिकत एका मायलेकींची आहे. त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२५च्या नोव्हेंबरचे शेवटचे दिवस होते. लेक आईला घेऊन आली. आई अहिल्यानगरची (बोलताना त्या अजून ‘नगर’च म्हणतात), साठी ओलांडलेली. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ते जाऊन दोन वर्षं होत आली होती. लेक, जावई आणि नात पुण्यात. लेक हिंजवडीत आयटीत. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या वर्षी लेकीने सोय म्हणून घरच्या घरी आधारवरून दाखला भरायचं ठरवलं, अंगठ्याचं यंत्र असलेल्या माणसाला बोलावलं, आणि आईने हात पदराखाली घेतला.

“मॅडम, मम्मी म्हणते उपाशी राहीन पण अंगठा देणार नाही. वीस वर्षं संडे स्कूल घेतलंय तिने. महिला मंडळाचे हिशेब लिहायची. आणि आता मला म्हणते, तू ज्याच्यावर काम करतेस ती श्वापदाची मूर्ती आहे.”

आई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “हिला सगळं थोतांड वाटतं. हिचे पप्पा असते तर...” आणि थांबल्या.

मी लेकीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

अशा वेळी मी लगेच वचनांवर वाद घालत नाही. आधी भीती नेमकी कशाची आहे ते विचारते. ‘जगाचा अंत’ ही भीती एवढी मोठी असते, की तिच्याआड माणसाची स्वतःची भीती सहज लपते. म्हणून विचारलं, “मावशी, समजा अंगठा दिला. मग काय होईल?”

“नाव जाईल.”

“कुठून?”

“जीवनाच्या पुस्तकातून.” म्हणजे तारण झालेल्यांची नावं ज्यात लिहिलेली आहेत, त्या प्रकटीकरणातल्या पुस्तकातून. बराच वेळ त्या पर्सचा चेन मागेपुढे करत राहिल्या. मग म्हणाल्या, “यांचं नाव आहे तिथे. हे आत असतील आणि मी दारात राहीन.”

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं. लेकीला दिसत होती ती तंत्रज्ञानाला घाबरणारी म्हातारी आई. माझ्यासमोर बसली होती ती नवऱ्याशी पुन्हा भेट होईल की नाही या काळजीने पोखरलेली बाई.

लेकीने आपल्या परीने समजावून पाहिलं होतं. “तू आधार काढलंस तेव्हाच दहाही बोटांचे ठसे दिलेत, बुबुळंही दिलीत, मग आता कशाला घाबरतेस?” असं तिने विचारलं होतं. युक्तिवाद बिनतोड होता आणि त्याने घात केला. त्या रात्री आईला वाटलं, म्हणजे खूण लागून गेली की. ज्या गोष्टीची भीती होती ती आपल्या नकळत घडून चुकली. पुढचे पाच-सहा दिवस त्या धड जेवल्या नाहीत. घाबरलेल्या माणसापुढे तर्क ठेवला, की भीती त्या तर्काचाच आधार घेते. हे घरच्यांनी लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

ही भीती आली कुठून? यजमान होते तेव्हा संध्याकाळी आठला घरात प्रार्थना व्हायची. ते वचन वाचायचे, मावशी गीतपुस्तकातलं एक गीत म्हणायच्या, मग जेवण. ते गेल्यावर आठ वाजायचे आणि घरात कुणी नसायचं. आईला एकटं वाटू नये म्हणून लेकीने चांगला फोन घेऊन दिला. सुरुवातीला त्यावर गीतं लागायची. गीतांनंतर उपदेश, उपदेशांनंतर कुणाकुणाची स्वप्नं आणि दर्शनं, मग शेवटच्या काळाची चिन्हं. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. आपण कुठे थांबलो, काय शेवटपर्यंत पाहिलं, याची नोंद होत राहते आणि त्याच जातीचं, जरा जास्त तिखट असं पुढे येतं. भीतीने माणूस खिळून बसतं, त्यामुळे भीतीचे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले जातात. यामागे सैतानी कारस्थान शोधायची गरज नाही. पाहणाऱ्याला धरून ठेवलं की जाहिरात विकली जाते, एवढा साधा हा धंदा आहे. मात्र एका विधवा बाईच्या रात्रीच्या प्रार्थनेची जागा त्याने घेतली, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

त्या सप्टेंबरात २३ आणि २४ तारखेला विश्वासणाऱ्यांना वर स्वर्गात उचललं जाणार, असं दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाचं भाकीत जगभर फिरत होतं. आपल्याकडे ते यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवरून आलं, हिंदी भाषांतरासकट. २२ तारखेच्या रात्री मावशींनी अंघोळ केली, पांढरी साडी नेसल्या आणि जाग्या बसल्या. लेकीला पाच-सहा मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला: बाळा, पश्चात्ताप कर, नातीला जवळ घे, तिकडे नाही आलीस तर मी काय करू. लेक त्या वेळी कंपनीच्या कामात बुडालेली होती. तिने निरोप अर्धा ऐकला आणि हसणारा चेहरा पाठवला.

तारीख गेली. वाटेल, चला, सुटलो. तसं होत नाही. ठरलेला दिवस फसला की घाबरलेलं मन स्वतःलाच दोष देतं: आपलं काहीतरी चुकलं असेल, आपण मागे राहिलो असू. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ला ख्रिस्ताची वाट पाहिली होती, कित्येकांनी शेतातलं पीकही काढलं नव्हतं. तो दिवस तसाच गेला तेव्हा माणसं ढसाढसा रडली. २१ मे २०११ची तारीखही अशीच गाजली आणि गेली. हा इतिहास मी मावशींना पहिल्या दिवशी सांगितला नाही. दुसऱ्यांच्या फसलेल्या तारखा ऐकून आपली भीती कमी होत नसते.

पहिल्या दिवशी एकच गोष्ट केली. हयातीचा दाखला कागदावरही देता येतो. निवृत्तिवेतन जिथे जमा होतं त्या बँकेत स्वतः जायचं आणि अधिकाऱ्यासमोर सही करायची. “महिना संपायच्या आत नगरला जा, सही करून या. अंगठ्याचं आपण सावकाश बघू,” असं सांगितलं.

लेकीला हे पटलं नाही. “म्हणजे तुम्ही तिच्या भीतीला खतपाणी घालताय.”

माझं मत वेगळं आहे आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौल खाण्यापिण्याच्या वादाबद्दल लिहितो. एकाला ते चालतं, दुसऱ्याच्या मनाला टोचतं. ज्याला टोचतं त्याने मनाविरुद्ध ते करू नये आणि दुसऱ्याने त्याला भाग पाडू नये, असं पौल सांगतो. आईची समजूत चुकीची असू शकते, पण तिचा विवेक जागा आहे. पैसे अडकतील या धाकाने तिच्याकडून अंगठा घेतला असता, तर आपण श्रद्धेविरुद्ध वागलो ही टोचणी तिला जन्मभर राहिली असती. पोटाची सोय आधी लागली, की विचार करायला मन मोकळं होतं.

दुसरं, मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. रात्री तीन-तीन तास झोप, छातीत धडधड, वजन उतरलेलं. यावर नुसतं वचन वाचून भागवणं मला मान्य नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, थायरॉइडची तपासणी केली, झोपेसाठी थोड्या दिवसांचं औषध दिलं. मंडळीतल्या कुणी तरी “विश्वास कमी पडला म्हणून गोळ्या लागल्या” असं म्हटलं, तेव्हा पाळकसाहेबांनीच ते खोडून काढलं. अशा पाळकांचं मला मोठं पाठबळ वाटतं. जवळचं माणूस सतत रडत असेल, खाणं सोडत असेल, मरणाची भाषा करत असेल किंवा कुणाचे आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर समुपदेशकाचीही वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं.

फोनबद्दलही बोललो. तो काढून घ्यायचा नाही असं मी लेकीला बजावलं होतं, कारण तो गेला तर नातीचा चेहराही गेला. मावशींनी माझ्यासमोर बसून पाहिलेल्या व्हिडिओंची यादी पुसली, आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद केली आणि चार-पाच वाहिन्यांवर बोट ठेवून ‘हे पुन्हा दाखवू नका’ असं निवडलं. त्यातल्या एकीपाशी त्या अडखळल्या. “हे भाऊ प्रार्थना फार छान करतात हो.” ती ठेवली. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात.

मग आम्ही पुस्तक उघडलं. या बैठकांना मी त्यांच्या पाळकसाहेबांनाही बोलावलं. मी समुपदेशक आहे, शास्त्र शिकवण्याचा अधिकार त्यांचा.

त्यांनी तेराव्या अध्यायापासून सुरुवात केली नाही. पहिल्या अध्यायातला तो प्रसंग काढला, जिथे पात्म बेटावर अटकेत पडलेला, हे पुस्तक लिहिणारा योहान प्रभूला पाहून मेल्यासारखा पायांशी पडतो आणि प्रभू त्याच्यावर उजवा हात ठेवून भिऊ नको म्हणतो. “हे पुस्तक आधीच घाबरलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, मावशी,” पाळकसाहेब म्हणाले. आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्या. तिथे कैसराची, म्हणजे रोमन बादशहाची, देवळं होती, त्याच्या नावाने धूप जाळला जायचा. कारागिरांच्या संघांमध्ये राहायचं तर देवतांच्या जेवणावळीत बसावं लागायचं. बसलं नाही तर धंद्यावर गदा. खूण नसेल तर विकत घेता येणार नाही, हे वाक्य ऐकताना पर्गमातल्या किंवा थुवतीऱ्यातल्या माणसाला दोन हजार वर्षांनंतरच्या यंत्राची गरज नव्हती. त्याला आपला बाजार दिसत होता.

आकड्याचंही तसंच. इब्री अक्षरांना संख्यांची किंमत असते. ‘नेरॉन कैसर’, म्हणजे नीरो बादशहा, हे नाव इब्रीत लिहिलं की अक्षरांची बेरीज किती होते ते पाळकसाहेबांनी कागदावर मांडलं: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. मावशींनी चष्मा लावला आणि महिला मंडळाचा हिशेब करावा तशी ओठांतल्या ओठांत बेरीज केली. ३०६ आणि ३६०. “सहाशे सहासष्ट,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा एकदा करून पाहिली. काही प्राचीन हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आहे. नावातला शेवटचा ‘न’ काढला की ५० कमी होतात आणि बरोबर ६१६ उरतात. बहुतेक अभ्यासक म्हणूनच हा इशारा नीरोकडे मानतात. सगळे मानत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. दुसऱ्या शतकातल्या आयरेनियस या ख्रिस्ती धर्मगुरूच्या वेळीही लोक या आकड्यावरून नावं शोधत होते, आणि अशा अंदाजांच्या मागे न लागता वाट पाहणं बरं, असं त्याने तेव्हाच लिहून ठेवलं.

ते अंदाज काही थांबले नाहीत. २६ जून १९७४ला अमेरिकेत ओहायोतल्या एका दुकानात पहिल्यांदा बारकोडवर वस्तू विकली गेली. ती होती च्युइंगगमची एक पुडी. पुढे त्या रेघांमध्ये ६६६ लपलंय अशी पुस्तकं निघाली. आज आपण बिस्किटाचा पुडा घेताना त्या रेघांकडे बघतही नाही. मावशी हसल्या. माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच.

पण त्यांची गाठ सुटली ती चौदाव्या अध्यायात. पाळकसाहेबांनी त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगितलं. श्वापदाची खूण जिथे जिथे येते तिथे बहुतेक दर वेळी त्याची उपासनाही येते. खूण घेणारा माणूस कुणापुढे गुडघे टेकतोय ते जाणून टेकतो. फसवून, नकळत, पेन्शनच्या कागदावर कुणाला ती लागली असं त्या पुस्तकात कुठेही नाही. आणि खुणेबद्दलच्या वाक्यानंतर तेरावा अध्याय संपतो न संपतो, तोच चौदाव्याच्या पहिल्याच वचनात दुसरे लोक उभे दिसतात, ज्यांच्या कपाळावर कोकऱ्याचं आणि पित्याचं नाव लिहिलेलं आहे. हात आणि कपाळ ही जोडी यहुदी माणसाला नवी नव्हती. देवाच्या आज्ञा हाताला बांध, डोळ्यांच्या मध्यभागी लाव, असं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात मोशेने सांगितलेलं त्याला पाठ होतं. माणूस कुणाचा आहे, हे तिथे सांगितलं जातं.

“तुमचा बाप्तिस्मा कुठे झाला?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“आमच्या गावच्या देवळात. तान्ही होते.”

“कपाळावर पाण्याने क्रुसाची खूण केली असेल.”

मावशींनी उत्तर दिलं नाही. हात कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग त्या पुष्कळ रडल्या, आणि ते रडणं यजमानांसाठी होतं. त्यानंतरच्या भेटींमध्ये आम्ही श्वापदावर फारसं बोललोच नाही. यजमानांच्या शेवटच्या आजारपणावर बोललो, दवाखान्यातल्या त्या रात्रीवर बोललो जेव्हा प्रार्थना करायची राहून गेली, ‘आत जाऊन भेटेन ना’ यावर बोललो.

थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं दुसरं पत्रही आम्ही वाचलं. प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय अशा बातम्यांनी लगेच गडबडून जाऊ नका, असं पौल त्यात सांगतो आणि कामधंदा सोडून बसलेल्यांना कामाला लागा म्हणतो. त्यावरून मावशींनी स्वतःच विचारलं, मग ताई, आता आम्ही करायचं काय? मी उलट विचारलं, “यंत्रामुळे आज खरोखर विकत घेता येत नाही, असं तुमच्या ओळखीत कुणी आहे का?”

त्या विचारात पडल्या. मग त्यांना मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई आठवल्या. आयुष्य खुरपणी-काढणीत गेलेलं, बोटांच्या रेषा झिजून गुळगुळीत. रेशनच्या यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून पुन्हा, दुसरं बोट, तेल लावून, तरी लाल. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये असे आदेश आहेत, पर्यायी सोयही आहे. पण ती मागायला सोबत बोलणारं माणूस लागतं आणि त्या बाई एकट्या. “उद्या या, म्हणतात त्यांना. दर वेळी उद्या या.”

तंत्रज्ञानाबद्दल ख्रिस्ती माणसाला काही बोलायचं असेल, तर ते इथे बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं. आकड्यांची कोडी सोडवण्यात आपली माणसं रात्री जागवतात, आणि प्रकटीकरणातलं ते दुःख, घेता न येण्याचं, बाजारातून परत पाठवलं जाण्याचं, आपल्याच बाकावर बसलेल्या बाईच्या वाट्याला आलेलं असतं. आपल्या ठशांची, माहितीची राखण कोण करतं, हे विचारण्यातही काही वावगं नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये एकमताने सांगितलं आहे. हे प्रश्न नागरिक म्हणून दिवसाउजेडी विचारायचे असतात.

मावशी आता दर महिन्याला त्या बाईंबरोबर रेशन दुकानात जातात. दुकानदार त्यांना ओळखतो, आणि त्या आल्या की जरा सांभाळून बोलतो, असं त्यांनी सांगितलं. स्वतःचा अंगठा त्यांनी फेब्रुवारीत दिला, नवं सिमकार्ड घेताना. ते त्यांनी मला सहज, दुसरंच काही सांगता सांगता सांगितलं. पुढच्या हयातीच्या दाखल्याला मात्र बँकेतच जाणार आहेत, तिथले साहेब यजमानांचे विद्यार्थी आहेत म्हणून.

लेक नंतर एकटी भेटायला आली. तिला आईबद्दल बोलायचं नव्हतं.

तिची कंपनी एका बँकेसाठी बोलणारा चॅटबॉट तयार करते. ग्राहकाने फोन केला की तोच उत्तर देतो. श्वापदाच्या मूर्तीत प्राण घालून तिला बोलकं केलं गेलं, असं तेराव्या अध्यायात पंधराव्या वचनात आहे, आणि आईने तिला नेमकं तेच ऐकवलं होतं. तिने वरवर उडवून लावलं, पण ते तिला लागलं होतं. वेगळ्या कारणाने. “आमचा बॉट चालू झाला की कॉल सेंटरमधली मुलं जाणार. मला त्यातली काही माहीत आहेत. मी पाप करतेय का?”

बोलणाऱ्या मूर्तीचं लवकर उरकलं. त्या काळी लोकांना भुलवायला मूर्तीच्या तोंडातून आवाज काढत. दुसऱ्या शतकात अलेक्झांडर नावाच्या एका भोंदूने आपल्या सर्पदेवाला नळीवाटे बोलतं केलं होतं, असं लुशियन या त्याच काळातल्या लेखकाने लिहिलंय. तिथे दोष होता तो माणसांना नमवण्याचा. कोड लिहिणं हे पाप नाही, हे मी तिला निःसंकोच सांगितलं. आपल्या मराठी मंडळीला तर यंत्राचं वावडं कधी नव्हतंच. १८०५मध्ये बंगालमधल्या श्रीरामपुरात (सेरामपूर) मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापून निघालं ते छापखान्यामुळे, आणि नगरमधून १८४२ला ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं तेही त्याच जोरावर.

दुसरा प्रश्न मात्र मी झटकला नाही. मे २०२५मध्ये निवडून आलेले पोप चौदावे लिओ यांनी हे नाव का घेतलं, ते तिला सांगितलं. तेरावे लिओ यांनी १८९१मध्ये, कारखाने वाढत होते तेव्हा, मजुरांच्या हक्कांबद्दल परिपत्रक लिहिलं होतं. आता एआयमुळे माणसाची प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांच्यापुढे तसेच प्रश्न आहेत, असं नव्या पोपनी सांगितलं. आपण प्रोटेस्टंट, पण हा धागा आपल्यालाही धरता येतो. व्हॅटिकनने त्याच वर्षी जानेवारीत काढलेल्या टिपणात एआयला माणूस म्हणून पुढे करू नये असंही म्हटलं आहे. “तुझ्या हातात काय काय आहे?” मी विचारलं. मुलांच्या नोकऱ्या तिच्या हातात नव्हत्या. बॉट सुरुवातीलाच ‘मी यंत्र आहे’ असं सांगतो का, आणि म्हाताऱ्या माणसाला कंटाळून फोन ठेवण्याआधी खऱ्या माणसाशी बोलता येतं का, हे थोडंफार तिच्या हातात होतं.

मग रविवारचा विषय तिनेच काढला. उपासना ती यूट्यूबवर बघते, डबे भरताना, दीडपट वेगाने. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला, हे येशूचं म्हणणं तिला माहीत होतं. आज्ञेत विसावा दासदासींनाही दिलाय, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती स्वतःच वर्षभर रविवारी लॅपटॉप उघडून बसत होती. आईची झोप उडाली होती म्हणून आपण तिला डॉक्टरकडे नेलं, पण माझी झोप कधीची उडाली आहे, असं ती म्हणाली. तिच्याशी त्यावर काम अजून चालू आहे. रविवारी दुपारपर्यंत लॅपटॉप बंद, एवढं सध्या जमतंय, तेही प्रत्येक रविवारी नाही.

त्या हसणाऱ्या चेहऱ्याबद्दल तिने आईची माफी मागितली. आता आठवड्यातून तीन-चार दिवस आठ वाजता ती नगरला व्हिडिओ कॉल लावते. वचन नात वाचते. नात इंग्रजी माध्यमातली, ‘थेस्सलनीकाकरांस’ला तिची बोबडी वळते, आजी फोडून सांगते आणि पुन्हा वाचायला लावते. कंपनीत तिने बॉटबद्दलचे दोन्ही मुद्दे लेखी दिले आहेत. ‘मी यंत्र आहे’ हे वाक्य घालायला वरच्यांनी होकार दिला. माणसाशी जोडून देण्याचं बटण किती लवकर यावं, यावर अजून वाद चालू आहे.